बांडुंगच्या वर डोंगरातल्या गावात राहायचं का? कुणी राहिलंय का तिकडे?

कॉलेजरोडकरीण

नमस्कार मंडळी, नाशिकमधूनच विचारतेय. मिस्टरांना कंपनी दोन-अडीच वर्षांसाठी इंडोनेशियात बांडुंगला पाठवतेय, टेक्स्टाईलचं काम आहे, मिल चिमाहीच्या बाजूला. सोबत मी, मुलगी (आता पहिलीत गेली असती) आणि मधून मधून सासूबाई येतील, त्या पक्क्या शाकाहारी, कांदा-लसूण चालतं पण अंडंसुद्धा नाही. कंपनी शहरात फ्लॅट देतेय. पण हे आधी एक चक्कर मारून आले तेव्हा तिथल्या सहकाऱ्याने यांना वर लेंबांगच्या पुढे, मारिबायाच्या रस्त्याला, एका गावात भाड्याचं घर दाखवलं आणि तेव्हापासून यांच्या डोक्यात दुसरं काही नाहीच. व्हिडिओ दाखवलेत मला, मागच्या दारापासूनच कोबीचे वाफे सुरू होतात, शेजारी गोठा, समोर डोंगर, आणि भर दुपारी धुकं खाली उतरलेलं. भाडंही फ्लॅटपेक्षा कमी.

मला आवडलं नाही असं नाही, माझं माहेर हरसूलकडचं, डोंगर मला नवा नाही. पण परदेश, भाषा येत नाही, लहान मूल, आणि तो ज्वालामुखी जवळच म्हणे. रोजचं कसं असतं तिथे? पाणी, रस्ता, शाळा, दवाखाना, माणसं कशी आहेत, बाहेरच्यांना आपल्यात घेतात का? दीर तर म्हणतात जमलं तर एखादा प्लॉटच घेऊन टाका. कुणी राहिलं असेल तर खरं खरं सांगा, नुसतं किती छान किती छान नको.

सिन्नरचा_वारा

ताई, मी राहिलोय, त्याच बाजूला, मारिबायाच्या थोडं पुढे, नोकरी खाली बांडुंगमध्ये होती. तुमच्या मिस्टरांना ते घर बघून काय झालं असेल ते मला नीट कळतंय.

आधी जागा समजून घ्या. बांडुंग शहर स्वतःच साधारण ७०० मीटरच्या वर आहे, चारी बाजूंनी ज्वालामुखीचे डोंगर आणि मध्ये वाटीसारखा खोलगट भाग, तिथे फार पूर्वी मोठं तळं होतं. शहरात पंचवीस लाखांच्या आसपास माणसं. त्याच्या उत्तरेला रस्ता चढत जातो आणि पंधरा-एक किलोमीटरवर लेंबांग लागतं, १२०० मीटरच्या पुढे, म्हणजे आपल्या ब्रह्मगिरीच्या माथ्याच्या आसपास उंचीला अख्खा तालुका वसलाय असं समजा. रात्री १५-१६ डिग्री बाराही महिने, पंखा लागत नाही, रजई लागते. आणि विषुववृत्ताजवळ असल्याने वर्षभर सूर्य सहाच्या सुमारासच उगवतो आणि सहाच्या सुमारासच मावळतो, उन्हाळ्याची लांब संध्याकाळ असला प्रकारच नाही, याची सवय व्हायला जरा वेळ लागतो. पाऊस आपल्या उलटा, नोव्हेंबर ते एप्रिल धो धो आणि आपल्याकडे जून-जुलैत धार लागलेली असते तेव्हा तिकडे कोरडं.

आता गाव. ते पिकनिक स्पॉट नाही हो, कष्टाचं गाव आहे. मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. पहाटे साडेचारच्या आसपास अजान होते आणि त्यानंतर गाव झोपत नाही. गोठ्यांमध्ये दिवे लागतात, धारा काढतात, काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन गाई, डचांच्या काळापासून तिथे दुधाचा धंदा आहे. मग दुधाचे कॅन मोटरसायकलला दोन्ही बाजूला लटकवून संकलन केंद्रावर रांग. तिथली दूध सहकारी संस्था १९७१ ची आहे, मोठी आहे, आपल्याकडच्या डेअरीसारखंच, फॅट बघतात, नोंद करतात, दुपारी परत दुसरी खेप. दूध घालून झालं की तोच माणूस विळा घेऊन हत्तीगवत कापायला जातो आणि गाडीवर एवढा भारा बांधतो की मागून बघितलं तर गवतच रस्त्यावरून चाललंय असं दिसतं. बायका कोबी-ब्रोकोली-टोमॅटोच्या वाफ्यात. संध्याकाळी माल भरून छोटे ट्रक खाली, बांडुंगच्या चारिंगिन मार्केटला नाहीतर रातोरात जकार्ताच्या क्रामात जातीला. आपलं पंचवटी मार्केट यार्ड आणि वाशी, तसंच समजा.

जमिनी तुकड्या तुकड्यांच्या. पुष्कळ जणांकडे अर्धा हेक्टरसुद्धा नाही, आणि बरेच लोक तर ज्या जमिनीवर राबतात ती त्यांची नाहीच, जकार्ताच्या किंवा बांडुंगच्या कुणीतरी घेऊन ठेवलेली असते, हे तिथे कसतात तोवर कसतात आणि मालकाने एक दिवस व्हिला बांधायला काढला की संपलं. माझ्या घरासमोर असंच झालं. उतारावर छान ब्रोकोली होती, एका सीझनला पोकलेन आला, उतार कापला, भिंत घातली, गेट लावलं आणि काल जो माणूस तिथे पीक काढत होता तो गेटवर वॉचमन म्हणून बसायला लागला. मला रोज जाता-येता हात करायचा. मला फार लागलं ते, अजून लागतं.

पाणी: नळ आहे तो डोंगरातल्या झऱ्याचा, गावाने मिळून काळे पाईप टाकलेत, पावसाळ्यात रग्गड, ऑगस्ट-सप्टेंबरला ओढाताण. घर बघताना टाकी किती लिटरची आणि झरा कुठला, कितव्या घरानंतर तुमचा नंबर, हे विचारा. घराचा व्ह्यू सगळे विचारतात, पाण्याचं कुणी विचारत नाही.

माणसं सुंदानी, म्हणजे पश्चिम जावातल्या मूळच्या समाजाची, बोलायला फार मऊ. कुणाच्या समोरून जायचं असेल तर जरा वाकून, उजवा हात खाली धरून "पुन्तेन" म्हणत जातात, लहान पोरंसुद्धा. मोठ्या माणसाचा हात घेऊन कपाळाला लावतात. तुमच्या मुलीला पहिल्या आठवड्यात हे येईल बघा. बाहेरच्यांना घेतात का तर हो, पण तुम्ही स्वतःहून गेलात तर. गल्ली-गल्लीचा एक प्रमुख असतो, पाक एरते म्हणतात, राहायला गेल्यावर चोवीस तासांच्या आत त्याच्याकडे कागदपत्रांच्या कॉपी घेऊन जायचं असतं, तशा पाट्याच लावलेल्या असतात. हे काम कंपनीच्या माणसावर टाकू नका, दोघं जा, मुलीला घेऊन जा, थोडा खाऊ न्या. महिन्याची वर्गणी असते कचऱ्याची आणि रात्रीच्या गस्तीची, आणि रविवारी अधूनमधून सगळे मिळून गटार साफ करतात, त्याला मिस्टरांना खराटा घेऊन उतरू द्या. एवढं केलंत की तुम्ही गावचे. जे व्हिलावाले शनिवारी येतात, गेट बंद करून रात्री बारापर्यंत गाणी लावतात आणि रविवारी जातात, त्यांना गावात कुणी नावाने ओळखत नाही.

ओझर_टू_जकार्ता

सासूबाईंच्या जेवणाचं मी सांगते. भाजीची चिंता सोडा, उलट एवढी ताजी भाजी कॉलेज रोडला बघायला मिळायची नाही. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, गाजर, बटाटा, घेवडा, पालेभाज्या, मूग, शेंगदाणे, ओला नारळ, ताजी हळद, आलं, ताडाचा गूळ, सगळं आठवडी बाजारात. टोफू आणि तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) तर घरोघरी, लेंबांगचा दुधातला टोफू फार मऊ असतो, सासूबाईंना पनीर म्हणूनच खपेल. दूध गोठ्यातून घ्या आणि उकळूनच वापरा, दही मात्र त्या थंडीत लवकर लागत नाही, विरजण जरा जास्त घालून भांडं गुंडाळून ठेवा.

जपायचं कुठे, तर बाहेर. तिथल्या साम्बालमध्ये, म्हणजे मिरचीच्या ठेच्यात, तेरासी घालतात, ती झिंग्याची असते. दिसत नाही, पण भाजीत, पालेभाजीच्या परतण्यातसुद्धा असते. नुसतं "मटण नको" म्हणून भागत नाही, "तान्पा तेरासी, तान्पा इकान, तान्पा तेलूर" असं वेगवेगळं सांगायचं, म्हणजे तेरासी, मासे, अंडं नको. त्यांच्या हिशेबाने अंडं आणि सुकी मासळी म्हणजे नॉनव्हेज नाहीच. शेजाऱ्यांकडे लग्न-बारसं असलं की डबा घरी येतो, तो प्रेमाने घ्या, आत चिकन असेल तर कुणाला द्यायचं ते बघा, पण दारातून परत पाठवू नका. आणि रिकामा डबा द्यायची वेळ येईल तेव्हा तुमच्या हातचं काहीतरी घालून द्या. मी शेंगदाण्याची चटणी आणि चकल्या द्यायचे, चकल्यांसाठी अख्खी गल्ली वाट बघायची.

तूरडाळ, हिंग, पोहे, गोडा मसाला इथूनच न्या, नाहीतर जकार्ताला पासार बारूच्या भारतीय दुकानांत मिळतं. २०२३ पासून जकार्ता-बांडुंग बुलेट ट्रेन आहे, पाऊण तासात पोचवते, पण ती शहराच्या कडेला सोडते, तिथून पुढे परत गाडी करावी लागते. ज्वारी-बाजरीचं पीठ मात्र सूटकेसमध्येच, त्याला इलाज नाही.

गिरणारेचा_टोमॅटोवाला

मी तिकडं राहिलेलो नाही, पण भाजीपाला बघायला आमचा शेतकऱ्यांचा ग्रुप गेला होता त्यात होतो. लेंबांगला दोन-तीन गावं पायी फिरलो. सिन्नरच्या दादांनी लिहिलं ते वाचून राहावलं नाही म्हणून लिहितो.

काळी माती बघून डोळे निवले राव. ज्वालामुखीची राख, हातात घेतली की भुसभुशीत, मूठभर ओली माती दाबली तरी ढेकूळ होत नाही. चंदेरी-काळा मल्चिंग पेपर आपल्यासारखाच, बांबू आपल्यासारखेच, कोंबडीखताची पोती बांधाला रचलेली, वास पण तोच. भाव पडल्यावर माल रानातच सोडून देतात हेही तेच, एका शेतकऱ्याने कोबी दाखवला, काढायची मजुरी निघत नव्हती म्हणून गाईंना घातला होता. आम्ही दोघं एकमेकांची भाषा समजत नव्हतो पण त्याने बोटांनी भाव सांगितला आणि मला सगळं कळलं, आपण काय वेगळं बघतो का गिरणाऱ्याला.

पण एक गोष्ट खटकली. तीव्र उतारावर वाफे वरून खाली काढलेत, आडवे नाहीत. मी दुभाष्याला विचारायला लावलं की बाबा आडवे का नाही काढत, पाणी माती घेऊन जाईल. तो म्हणाला आडवे काढले तर वाफ्यात पाणी थांबतं, मूळ सडतं, मर लागते, आणि कर्ज काढून लावलेलं पीक हातचं जातं. म्हणजे त्याला माहितीये माती जाते, पण यंदाचं पीक वाचवू का पुढच्या वीस वर्षांची माती वाचवू, असा त्याच्यापुढं प्रश्न आहे. लांबून बोट दाखवणं सोपं असतं, ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे त्याला विचारा. काही जण आता पाइनच्या झाडांखाली कॉफी लावतायत वरच्या अंगाला, तिथं माती धरून राहते, झाड पण तोडावं लागत नाही. मला ते आवडलं. पण कॉफीला पहिली काही वर्षं उत्पन्न नसतं आणि कोबी तीन महिन्यांत पैसा देतो, म्हणून सगळ्यांना झेपत नाही.

ताई तुम्ही गेलात तर भाजी सरळ बांधावरून घ्या, मधल्या माणसाकडून नको. त्यांच्या घरात चार पैसे जास्त जातील.

भूगोलाचा_मास्तर

ज्वालामुखीबद्दल भीती आणि माहिती दोन्ही नीट असावी म्हणून लिहितो.

तांकुबान पराहू, २०८४ मीटर, लेंबांगच्या अगदी डोक्यावर. उलट्या नावेसारखा दिसतो आणि त्याची लोककथा तिथल्या प्रत्येक पोराला पाठ असते. जिवंत आहे. २६ जुलै २०१९ ला त्याने राख उडवली, पर्यटक विवराच्या काठावर होते, पळापळ झाली, नंतर काही काळ विवर बंद ठेवलं होतं. ती वाफेच्या दाबाने झालेली उसळी होती, लाव्हा वगैरे नाही. त्याच्यावर सतत यंत्रं लावलेली आहेत, आणि ज्वालामुखी बघणाऱ्या सरकारी खात्याचं मुख्य ऑफिस बांडुंगमध्येच आहे. इशाऱ्याच्या चार पायऱ्या असतात, मोबाईलवर मॅग्मा इंडोनेशिया म्हणून सरकारी ॲप आहे त्यात रोजची स्थिती दिसते. ते टाकून ठेवा.

माझ्या मते जास्त लक्ष द्यायची गोष्ट दुसरी आहे आणि ती व्हिडिओत दिसत नाही. लेंबांगच्या दक्षिणेच्या अंगाने पूर्व-पश्चिम एक भ्रंश, म्हणजे जमिनीतली मोठी भेग, जातो, लेंबांग फॉल्ट, सुमारे २९ किलोमीटर लांब. अभ्यासकांच्या मते तो ६.५ ते ७ रिश्टरच्या आसपास भूकंप घडवू शकतो. गुनुंग बातू नावाची एक कड आहे, तिथे पोरं सूर्योदयाचे फोटो काढायला जातात, ती त्या भ्रंशाचीच वर उचललेली कड. बोस्खा वेधशाळा, १९२३ साली जिचं काम सुरू झालं, तीही त्याच पट्ट्याजवळ. म्हणून गावात राहा किंवा शहरात राहा, भूकंपाचा धोका दोन्हीकडे आहे, शहर काही लांब नाही. फरक घराचा पडतो. एकमजली, हलक्या छपराचं, कोपऱ्यांत काँक्रीटचे खांब आणि वरून पट्टा बांधलेला असेल तर बरं. उताराच्या अगदी तोंडाशी, किंवा मागे कापलेली उभी दरड असेल तर ते घर कितीही सुंदर असलं तरी घेऊ नका. पावसाळ्यात दरड हा तिथला नेहमीचा धोका आहे. माळीणचं आपल्या सगळ्यांना आठवतंय, २०१४ चं. त्यामुळे घराच्या मागे काय आहे, याचा व्हिडिओ मागवा. पुढचा खूप झाला.

इंदिरानगर_आई

मी जरा वेगळं बोलते. हे सगळं वाचायला छान वाटतंय पण सहा-सात वर्षांच्या मुलीची शाळा कुठे? इंग्रजी माध्यमाच्या शाळा खाली शहरात असणार. मारिबायाहून रोज लेंबांग गाव ओलांडून खाली उतरायचं आणि परत चढायचं, पाऊस, धुकं, ट्रक. मूल दोन महिन्यांत थकेल. मिस्टर चिमाहीला जाणार, सकाळी सहाला निघतील, आणि ही बाई दिवसभर एकटी, भाषा नाही, रात्री ताप आला तर? माझ्या बहिणीने परदेशात असंच लांब घर घेतलं होतं, हौस नवऱ्याची होती आणि एकटेपण हिच्या वाट्याला आलं. ताई तुम्ही तुमचा विचार करा. फ्लॅट घ्या, शनिवार-रविवार वर जा.

सिन्नरचा_वारा

इंदिरानगरच्या ताईंचा मुद्दा खरा आहे, शाळेचा तर शंभर टक्के. फक्त शनिवार-रविवारचं बघा, शुक्रवार संध्याकाळपासून जकार्ताच्या गाड्या चढायला लागतात, सेतियाबुदीचा रस्ता लेंबांगपर्यंत ठप्प होतो, पावसाळ्यातल्या रविवारी त्र्यंबक रोडला जे होतं ना तेच, फक्त बाराही महिने. शनिवार-रविवार वर जायचं म्हटलं तर अर्धा दिवस गाडीतच.

मधला मार्ग सांगतो. मारिबायाच्या बाजूला नका बघू, तो पूर्वेचा भाग, मिल पश्चिमेला. लेंबांगच्या पश्चिमेला पारोंगपोंग, चिसारुआ आहे, तिथेही तशीच गावं, भाजी, फुलांच्या नर्सऱ्या, गोठे, तीच थंडी. आणि तिथून चिमाहीला कोलोनेल मास्तुरी नावाचा रस्ता थेट उतरतो, शहरात शिरावंच लागत नाही. शहराच्या उत्तर-पश्चिम भागातल्या शाळाही त्या बाजूने जवळ पडतात. मिस्टरांना सांगा नकाशा उघडून बघा. दवाखान्याला चिमाही आहेच, आणि गावात सरकारी आरोग्यकेंद्र असतं, पुस्केस्मास म्हणतात, ताप-खोकल्याला उत्तम.

कॉलेजरोडकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. यांना सगळं वाचून दाखवलं, पारोंगपोंगचं त्यांना पटलंय, मागच्या दरडीचंही. इंदिरानगर ताई, तुमचं वाचून रात्री झोप नाही आली खरं सांगते, पण मी फ्लॅटमध्येही एकटीच असणार आहे ना, लिफ्टमध्ये कुणी बोलत नाही, गावात निदान गोठ्यावर कुणीतरी असेल. माहेरी मी तशीच वाढले.

प्लॉटचं कुणी बोललं नाही, दीर रोज फोन करून विचारतायत, स्वस्त आहे म्हणे.

ब्रह्मगिरी_वाचवा

प्लॉटचं मी बोलतो, आणि जरा कळकळीने बोलतो.

पहिलं कायद्याचं. इंडोनेशियात १९६० चा जमीन कायदा आहे, त्यात पूर्ण मालकी, हाक मिलिक, फक्त त्यांच्या नागरिकांना. परदेशी माणसाला वापराचा हक्क मिळू शकतो, तोही अटींवर. मग एजंट सांगतात की स्थानिक माणसाच्या नावावर घ्या आणि आतून करार करा. असला करार कोर्टात टिकत नाही, जमीन ज्याच्या नावावर त्याची. त्यामुळे दिरांना सांगा, विषय इथेच संपला.

पण समजा कायद्याने चाललं असतं तरी मी नको म्हटलं असतं. तो उत्तरेचा डोंगर म्हणजे बांडुंगची पाण्याची टाकी आहे. पाऊस तिथे मुरतो, झरे तिथून निघतात, चिकापुंडुंग नदी तिथून उतरून शहराच्या मधून जाते आणि पुढे चितारुमला मिळते, शहराच्या नळाचं काही पाणी चिकापुंडुंगमधूनच उचलतात. म्हणून सरकारने ७५० मीटरच्या वरचा हा सगळा उत्तर बांडुंगचा पट्टा जपायचा म्हणून वेगळा धरलाय, २००८ ला नियम केले, २०१६ ला परत नवे केले. तरी बांधकामं थांबली नाहीत. कॅफे, व्हिला, काचेचे पूल, प्रत्येकाला दरीच्या तोंडाशी जागा पाहिजे. वर सिमेंट झालं की पाणी मुरत नाही, सरळ खाली धावतं. २०१८ च्या मार्चमध्ये बांडुंगच्या चिचाहेउम भागात डोंगरावरून चिखलाचा लोंढा आला, गाड्या वाहून एकमेकींवर चढल्या होत्या. दोष गावकऱ्यांच्या कोबीला देतात सगळे, आणि गिरणारेच्या भाऊंनी लिहिलं तसं वाफे उभे आहेत हे खरंच आहे, गोठ्यांचं शेण नदीत जातं हेही खरं, काही घरांनी बायोगॅस बसवलेत पण सगळ्यांनी नाही. पण कोबीच्या रानात निदान थोडं तरी पाणी मुरतं. पार्किंगमध्ये मुरत नाही. आणि कोबीवाल्याला नोटीस पाठवणं सोपं, व्हिलावाल्याला पाठवायची हिंमत कोण करतं.

हे सगळं मला एवढं का लागतं तर मी ब्रह्मगिरीच्या पायथ्याला पोकलेन चालताना बघितलाय. गोदावरीचा उगम आपला, आणि तिथे डोंगर फोडून प्लॉट पाडत होते, लोकांनी आवाज उठवला म्हणून निदान विषय सगळ्यांपर्यंत गेला. गंगापूर धरणाच्या मागे बघा, फार्महाऊसच्या कंपाउंडांनी पाण्यापर्यंत जायच्या वाटा बंद केल्यात, जनावरं कुठून प्यायला न्यायची ते गुराख्याला विचारा. मुंबईवाला इथे येऊन जे करतो त्याचा आपल्याला राग येतो ना, मग आपण बांडुंगला जाऊन तेच करायचं नाही. भाड्याने राहा, चालू घरात राहा, नवीन काही बांधायला लावू नका, घरमालक म्हणाला तुमच्यासाठी अंगणात फरशी घालून देतो तर नको म्हणा, माती राहू दे. भाडं गावातल्याच माणसाला जाईल असं घर बघा, जकार्ताच्या मालकाचं नको. एवढं तुमच्या हातात आहे.

गिरणारेचा_टोमॅटोवाला

भाऊ, लाख बोललात. आमच्याकडं पण रोज कुणीतरी पांढऱ्या गाडीतून येतं आणि विचारतं, हा तुकडा द्यायचा का म्हणून. पोरगं म्हणतं देऊन टाकू. मी नाही देत.

कॉलेजरोडकरीण

दिरांना हे जसंच्या तसं पाठवलं. "बरं" एवढंच आलंय उत्तर 😊

पारोंगपोंगला यांच्या मिलमधल्याच एका फोरमनच्या काकांचं घर रिकामं आहे असं आज कळलं, एकमजली, कौलारू, मागे दरड नाही, थोडी जागा आहे आणि पेरूचं झाड. काका शेजारीच राहतात, दोन गाई आहेत. शाळेला गाडीने अर्धा-पाऊण तास म्हणतात, त्याची खात्री करायला हे पुढच्या महिन्यात जातील तेव्हा सकाळच्या वेळी स्वतः जाऊन बघणार आहेत. अजून काय विचारू त्यांना?

सिन्नरचा_वारा

भारी झालं हे. यादी देतो. टाकी आणि झरा, ऑगस्टमध्ये पाणी किती तास येतं. वीजमीटर किती वॅटचा, तिकडे जुन्या घरांना ९०० वॅटचा मीटर असतो, गिझर आणि मिक्सर एकदम लावले की ट्रिप होतो, १३०० नाहीतर २२०० करून मागा. भिंतींना ओल किती चढते ते पावसाळ्यात राहिलेल्या कुणाला तरी विचारा, घरमालकाला नको. भाडं तिकडे बहुतेक वर्षाचं एकदम आगाऊ घेतात, पावती घ्या. आणि काकांना विचारा की मागच्या जागेत तुम्ही मेथी-कोथिंबीर लावली तर चालेल का. हो म्हणतील, पण विचारा. मेथीचं बी इथून जास्त न्यायला लागू नका, विमानतळावर बियाण्यांची चौकशी होते, तिकडेच मसाल्याच्या दुकानात मेथीदाणा मिळतो तो उगवतो.

ओझर_टू_जकार्ता

आणि चकलीचा सोऱ्या विसरू नका!!